ठेंगणीठुसकी बाई आणि खणाची चोळी

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या शिलाई गटाकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "ताई, माझी उंची कमी, अंगही लहानखुरं. रेशमी ब्लाउज मला शोभेल का? शोभायचा असेल तर तो शिवायचा कसा?" विचारणारी बाई जरा हळू आवाजात विचारते, जणू उंची कमी असणं ही तिचीच काही चूक आहे. आपल्या बोलीत अशा बाईला 'ठेंगणीठुसकी' म्हणतात. म्हणणाऱ्याच्या तोंडात त्या वेळी कौतुकच असतं. मग ब्लाउजच्या दुकानात गेल्यावर तीच बाई ओशाळी का होते?

याचं उत्तर शोधत आम्ही मागे मागे गेलो आणि आपल्या आज्यांच्या चोळीपाशी येऊन थांबलो. म्हणून आज आधी थोडा इतिहास सांगतो, मग कात्री हातात घेऊ.

खण कशाला म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. ओटीत नारळाबरोबर येतो तो खण. पण या शब्दाकडे जरा नीट बघा. दोन तुळयांमधली जागा म्हणजे घराचा खण, कपाटातला एक कप्पा म्हणजे कपाटाचा खण. तसाच एका चोळीला पुरेल एवढा कापडाचा तुकडा, तो चोळीचा खण. म्हणजे नावातच माप आलं. जुन्या बायका 'चोळखण' असाही शब्द वापरायच्या. 'इतके मीटर कापड द्या' असं कोणी म्हणत नसे, 'एक खण द्या' म्हणत. एक बाई, एक चोळी, एक खण.

हा खण प्रामुख्याने यायचा गुळेदगुड्डहून. हे गाव आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे. बागलकोट हा जिल्हा 1997 साली झाला, त्याआधी ते विजापूर जिल्ह्यात होतं, आणि 1956 पर्यंत तो सगळा मुलूख मुंबई राज्यातच होता. त्यामुळे खण काही परमुलखातून आलेला नाही. कानडी विणकराने विणायचा आणि मराठी बाईने नेसत्या लुगड्यावर घालायचा, असा तो दोन भाषांचा शेजार होता. शेजारीच इलकल, आपण ज्याला इरकल म्हणतो त्या लुगड्याचं गाव. इरकलचं लुगडं आणि गुळेदगुड्डचा खण अशी जोडी कित्येक घरांत आजही ट्रंकेत सापडेल. या खणाला आता भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

अस्सल खणाची वीण समजून घेण्यासारखी आहे. पुढे शिवताना ती उपयोगी पडणार आहे. यात उभा धागा रेशमाचा आणि आडवा धागा सुताचा. रेशीम वर राहतं म्हणून चकाकी दिसते आणि सूत घाम टिपतं. दोन धाग्यांचे रंग वेगळे असले की कापड हलताना कधी एक रंग दिसतो, कधी दुसरा. त्याला आपण धूपछाव म्हणतो. नक्षी बारीक असते. रथ, सूर्यनारायण, हत्तीचं पाऊल अशी नावं विणकरांनी त्या नक्ष्यांना दिलेली आहेत. हत्तीचं पाऊल म्हटल्यावर केवढं मोठं वाटतं, पण खणावर ते बोटाच्या पेराएवढंही नसतं. दोन्ही कडांना काठ. पूर्वी खणाची त्रिकोणी घडी घालून तो विकायला ठेवत, अजूनही काही दुकानांत तशी घडी बघायला मिळते.

निम्मं सूत असल्यामुळे हे कापड पूर्ण रेशमापेक्षा स्वस्त पडायचं. पैठणी ज्यांच्या आवाक्यात नव्हती, त्यांच्याही अंगावर सणाला रेशमाची चमक यायची ती खणामुळे. आमच्या मते खणाची खरी थोरवी ही आहे. नक्षीचं कौतुक त्यानंतर.

चोळी त्याहून कितीतरी जुनी. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांत, स्त्रियांच्या चोळीचे उल्लेख येतात. अजिंठ्याला गेलात तर लेणं क्रमांक 1 मध्ये एक नर्तकी रंगवलेली आहे, तिच्या अंगात लांब बाह्यांचं वस्त्र आहे. शिवलेले कपडे बाहेरून आले, आपल्याकडे आधी नुसतं गुंडाळायचे, असं सरसकट सांगतात. त्यांना हे चित्र दाखवावं.

मराठ्यांच्या काळात तर हा शब्द थेट राजाच्या हिशेबात गेला. राजघराण्यातल्या स्त्रियांच्या खासगी खर्चासाठी गावांचं उत्पन्न लावून देत, त्याला 'चोळी-बांगडी' म्हणत. अख्ख्या गावाचा वसूल, पण नाव चोळीचं. गरिबाघरी भावाने भाऊबीजेला, बापाने माहेरपणाला द्यायची ती साडीचोळी. लुगडं नाही जमलं तर निदान खण तरी. चोळी म्हणजे बाईचा मान, आणि म्हणूनच मान काढून घ्यायचा तर आधी चोळीच काढून घेत. ब्राह्मण घरांत विधवेचं केशवपन झालं की तिच्या वाट्याला तांबडं आलवण यायचं आणि चोळी कायमची जायची. पुढे उभं आयुष्य पदर अंगाभोवती घट्ट धरून काढायचं, मग ती बारा वर्षांची पोर का असेना. हे फार जुनं नाही. आपल्या पणज्यांच्या पिढीने ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चोळीच्या इतिहासात काठापदराबरोबर हेही सांगितलं पाहिजे.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येऊ. ती जुनी गाठीची चोळी शिवलेली कशी असायची? तुमच्या घरात आजीची एखादी असेल तर ती उलटी करून बघा. आम्ही गटात एक चोळी शिवणी उसवून जमिनीवर मांडली होती. बघून सगळ्या गप्प झाल्या. एका लहानशा तुकड्यातून पाठ, दोन्ही बाजू, बाह्या आणि काखेतले छोटे तुकडे असं सगळं काढलेलं होतं. बहुतेक काप सरळ रेषेतले. गोल काप नाहीत म्हणून वाया जाणारं कापडही जवळजवळ नाही. उरलेली त्रिकोणी टोकंसुद्धा काखेत किंवा छातीखाली जोडलेली. काठाचा एक दोरा फुकट गेलेला नव्हता. एक काठ बाहीच्या टोकाला, दुसरा खालच्या कडेला.

त्या काखेतल्या तुकड्याचं काम फार मोठं. त्याच्यामुळे बाही अंगाला चिकटून असूनही हात वर जायचा. आपल्या आज्या घट्ट बाह्यांच्या चोळ्या घालून दळण दळायच्या, भात लावायच्या, डोक्यावर हंडे घेऊन चढ चढायच्या. चोळी वर सरकत नसे. पुढे बटण नाही, हूक नाही, दोन टोकांची गाठ. पोरगी वयात आली, बाईला दिवस गेले, बाळ अंगावर पिऊ लागलं, अंग वाढलं-उतरलं, तरी गाठ थोडी सैल किंवा घट्ट केली की तीच चोळी चालायची. पाजायला सोयीची ते वेगळंच.

आणि माप? माप कसं घ्यायचे? पुरुष शिंपी परक्या बाईच्या अंगाला हात लावत नसे. घरातून जुनी चोळी जायची, 'मापाची चोळी' म्हणून. नाहीतर घरातलीच कोणी जाणती बाई वितीने, बोटांनी माप काढून हाताने शिवायची. वीत तिचीच, बोटं तिचीच, अंगही तिच्या ओळखीचं. उंच बाईची चोळी लांब व्हायची, ठेंगणीची आखूड व्हायची. लहान अंगाच्या बाईला तर खणात थोडं कापड शिल्लकच राहायचं. 'तुला बसत नाही' हे वाक्य त्या काळात कोणी कोणाला म्हणायचं कारणच नव्हतं. चोळीच बाईला बसवून घ्यायची असते, बाईने चोळीत बसायचं नसतं.

मग बदल कसा झाला? एका दिवसात नाही झाला. 1864 साली बंगालमधून एक तरुण सून मुंबईला आली. ज्ञानदानंदिनी देवी तिचं नाव. तिचे पती सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएस परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय, रवींद्रनाथांचे थोरले भाऊ. नोकरीच्या काळात ते आपल्या साताऱ्यालाही न्यायाधीश होते. त्या वेळी बंगालमधल्या घरंदाज बायका नुसतीच साडी गुंडाळत, त्या वेशात चारचौघांत जाणं अवघड होतं. मुंबईत ज्ञानदानंदिनी एका पारशी कुटुंबात राहिल्या. तिथल्या बायकांचं नेसणं बघून त्यांनी साडी, आत परकर आणि वर शिवलेला ब्लाउज अशी पद्धत स्वतःपुरती बसवली आणि बंगालमध्ये नेली. आज देशभर जी साडी-ब्लाउजची जोडी दिसते तिच्या मुळाशी जी माणसं आहेत त्यांत या बाईंचं नाव घ्यावं लागतं.

आपल्याकडे चोळी होतीच. तरी शिकलेल्या घरांत हळूहळू पोलकं आलं. कमरेपर्यंत लांब, पुढे बटणं, कधी गळ्याला झालर, कधी मनगटापर्यंत बाह्या. मडमांच्या कपड्यांची ती छाया होती. पुढे झंपर आला, मग ब्लाउज. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर गेल्या. देवीच्या अंगावर जे दिसतं ते बायकांना आवडायला वेळ लागत नाही. नंतर बालगंधर्व. रंगभूमीवर त्यांनी नेसलेलं लुगडं, घातलेलं पोलकं, माळलेला गजरा बघून शहरातल्या बायका तशीच वेशभूषा करायच्या. पुरुषाने बाईला नटायला शिकवलं म्हणून कोणी नाक मुरडतं, पण त्यांचं कापडाचं ज्ञान दांडगं होतं हे कबूल करायला हवं. खेड्यात मात्र गाठीची चोळी टिकून राहिली. आमच्यापैकी कित्येकींच्या आज्यांनी शेवटपर्यंत दुसरं काही अंगाला लावलं नाही.

शिवणयंत्र आलं तेव्हा खरा पालट झाला. सिंगर कंपनीच्या आयझॅक सिंगरने 1851 मध्ये अमेरिकेत आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि त्याच शतकात ही यंत्रं हिंदुस्थानात विकायला आली. 1930 च्या दशकात कलकत्त्यात उषा यंत्र बनू लागलं. पुढे लग्नात मुलीला शिलाई मशीन द्यायची पद्धत पडली. किती घरांची चूल त्या मशीनवर पेटली ते तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या गटाचीही त्यातलीच. मशीनला आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती मशीनच्या मागून आलेल्या नंबराबद्दल.

32, 34, 36, 38. हे आकडे कुठून आले? ते छातीचे इंच आहेत. बाईच्या अंगाचा फक्त एक घेर. त्या एका आकड्यावरून कारखाना खांदा, मुंढा, उंची, बाही सगळं ठरवून टाकतो. अमेरिकेत 1939-40 मध्ये सरकारी शेतकी खात्याने बायकांची मापं घेण्याचं मोठं काम केलं. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन या दोघांनी ते चालवलं. सुमारे 15 हजार बायका आणि प्रत्येकीची 59 मापं. 1941 मध्ये त्याचा अहवाल निघाला. एवढं मोठं काम, पण त्यात धरली फक्त गोऱ्या बायकांची मापं. तिथल्या काळ्या बायकासुद्धा त्या हिशेबात नव्हत्या, मग आपली काय कथा.

त्याच दशकात न्यूयॉर्कच्या हॅना ट्रॉय नावाच्या कपडे बनवणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं की बऱ्याच बायकांचं कमरेच्या वरचं अंग बाजारातल्या कपड्यांपेक्षा आखूड असतं. त्यांनी अशा बायकांसाठी वेगळे कपडे काढले. 'पेटिट' म्हणून जे माप हल्ली मोबाइलवर कपडे मागवताना दिसतं, त्याची सुरुवात ही अशी. पेटिट म्हणजे लहानखुरी. तिकडच्या हिशेबात 5 फूट 4 इंचांपेक्षा, म्हणजे साधारण 163 सेंटीमीटरपेक्षा, कमी उंचीची बाई लहानखुरी.

आता गंमत बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या बाईची सरासरी उंची साधारण 152 सेंटीमीटर निघते. म्हणजे पाच फूट. मग तिकडच्या मापाने आपल्या गावातली जवळजवळ प्रत्येक बाई पेटिट ठरते! सरपंचबाई पेटिट, अंगणवाडीताई पेटिट, अख्खा बचत गट पेटिट. जी गोष्ट सगळ्यांची असते तिला उणेपणा कसं म्हणायचं?

आपल्या देशाने स्वतःचा मापतक्ता बनवायचं काम फार उशिरा हाती घेतलं. 'निफ्ट' या फॅशन शिक्षणसंस्थेने 'इंडिया साइझ' नावाची पाहणी आखली. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग अशा सहा शहरांतली 25 हजारांवर माणसं, यंत्राने मोजायची. चांगली गोष्ट आहे. पण यादी पुन्हा वाचा. सहाही शहरं. खुरपणीने ज्यांचे खांदे घडले, त्या बायकांचं माप त्यात किती येणार?

आमच्या गटातली एक ताई, उंची चार फूट नऊ इंच, मुलीच्या लग्नासाठी तालुक्याला एका दुकानात रेशमी ब्लाउज घ्यायला गेली. नाव कशाला घ्यायचं, अशी दुकानं सगळीकडे आहेत. 34 नंबर छातीला बसला, खांदे मात्र दोन्ही बाजूंनी उतरले आणि उंची कमरेवर आली. 30 घातला तर हूक लागेना. विकणारा पोरगा म्हणाला, "काकू, लहान मुलींच्या कपड्यांत बघा." पन्नाशीच्या बाईला, व्याह्यांसमोर उभं राहायचं आहे तिला! ती तशीच परत आली आणि जुन्या सुती ब्लाउजवर लग्न लावायचं ठरवून बसली. आम्ही तिला आईच्या ट्रंकेतला खण आणायला लावला. तिच्यासाठी जे केलं तेच आता सांगतो. वही-पेन्सिल असेल तर घ्या.

सर्वांत आधी, मापाचा म्हणून जुना ब्लाउज शिवणारणीकडे देऊ नका. त्याच्यात जो दोष आहे तोच नव्या रेशमात उतरेल. माप अंगावर घ्या. बाईने बाईचं माप घेण्यात आता कसला संकोच?

खांदा पाठीमागून मोजायचा, या हाडापासून त्या हाडापर्यंत. लहानखुऱ्या बाईचा सगळा ब्लाउज खांद्यावर ठरतो. छातीचा आकडा तोच असला तरी दोन बायकांच्या खांद्यांत एक-दीड इंचाचा फरक सहज पडतो. खांदा मोठा राहिला की बाही दंडावर घसरते, गळा उघडतो आणि बाई दिवसभर पदर ओढत बसते. अशा खांद्याला गळा रुंद कधी नको. खोल हवा असेल तर खोल घ्या, पाठीवरही घ्या, पण रुंदी आवरा.

दुसरा मुंढा. तयार ब्लाउजचा मुंढा खोल असतो, कोणालाही चढावा म्हणून. मोकळा वाटेल असं आपल्याला वाटतं, होतं उलटं. मुंढा खोल असला की हात वर करताना सगळा ब्लाउज वर येतो. करून बघा: फडताळावरचा डबा काढायला हात वर करा. ब्लाउजची खालची कड वर सरकली, तर मुंढा खाली गेलेला आहे. मुंढा काखेच्या जवळ हवा. आणि तिथे आजीचा तो काखेतला चौकोनी तुकडा लावायचा. शहरातल्या शिवणवर्गात आता तो शिकवत नाहीत, मापाच्या तक्त्यातही तो नसतो. आम्ही तो परत आणलाय. घट्ट बाही आणि मोकळा हात, दोन्ही मिळतात.

उंचीचं म्हणाल तर तयार ब्लाउज साधारण 14-15 इंच उंचीचे असतात. पाच फुटांच्या आतल्या बाईला साडेबारा-तेरा पुरे होतात. तरी आकड्यावर विसंबू नका. छातीच्या खाली दोन बोटं, तिथे थांबायचं. ब्लाउज त्याहून खाली गेला की कंबर झाकते आणि धड व साडी यांचा एकच गठ्ठा दिसतो. आजीची चोळी आखूड होती ती उगाच नव्हे. टक्सही त्याच बेताने वर घ्यायचे. खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर लहानखुऱ्या बाईत कमी असतं. तयार नमुन्यावर टक्स काढले की ते अर्धा-पाऊण इंच खाली पडतात, मग कापड वर चपटं आणि खाली फुगलेलं राहतं. रेशमावर ती चूक लपत नाही, उजेड पडला की चमकते.

बाहीबद्दल आमच्यात वाद झाला. तरुण मुलींना फुग्याची बाही हवी होती. रेशीम कडक असतं, फुगा उभा राहतो, लहान खांद्यावर तो कानाला जाऊन भिडतो. शेवटी कोपराच्या वर चार बोटं थांबणारी सरळ बाही ठरली, जुन्या चोळीसारखी. आम्हाला तीच आवडते. पण पोरींना फुगा हवाच असेल तर मऊ कापडावर करा, खणावर नको.

काठ रुंद असेल तर कापू नका. कापलेला काठ परत येत नाही. हवा तेवढा बाहेर ठेवून उरलेला आत दुमडा. बाहीची लांबी सहा इंच आणि त्यातला चार इंच काठ, असं झालं की बाही दिसतच नाही, नुसता पट्टा दिसतो. एक-दीड इंच बाहेर पुरे. आणि बाहीला काठ आणायचा तर कापड फिरवून आडवं धरावं लागतं. मग बाहीत रेशमाचा धागा दंडाभोवती जातो, अंगात तो उभा राहतो. धूपछाव खणात त्यामुळे बाही किंचित वेगळ्या रंगाची दिसते. कोणी विचारलं तर सांगा, दोन तागे नाहीत, एकच खण आहे.

खणाची बारीक नक्षी लहान अंगाला फार छान बसते. मोठ्या कोयरीचा ब्रोकेड घेतला की पाठीवर अर्धीच कोयरी येते आणि उरलेली शिवणीत जाते. हत्तीचं पाऊल मात्र पन्नास उमटतात. उंच दिसायचं म्हणून साडी आणि ब्लाउज एकाच रंगाचे घ्या असं सांगतात. ते खोटं नाही, एकच रंग डोक्यापासून पायापर्यंत नजर नेतो. पण उंच दिसायची गरज काय, हे आधी ज्याचं त्याने ठरवावं. आमच्या त्या ताईने हिरव्या इरकलवर लाल खण घातला.

अस्तर पातळ सुती घ्या आणि रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापा. खणाचा आडवा धागा सुती असतो, धुतल्यावर रुंदीत थोडा आटू शकतो. म्हणून दोन्ही कुशीत इंचभर माया सोडा. खण कडेला पटकन उसवतो, त्यामुळे कडा इंटरलॉक करून मगच टीप घाला, आणि कुशीला दोन टिपा. इस्त्री उलट्या बाजूने, मंद. धुवायला रिठ्याचं पाणी.

विकत घेताना एक काळजी. खणाच्या साड्यांची हौस अलीकडे खूप वाढली आणि बाजारात पॉलिस्टरचा खण भरपूर आला. तो वाईट आहे असं नाही, रोजच्या वापराला टिकतो, पण रेशमाच्या भावाने घेऊ नका. कडेचा उभा धागा ओढून काडीने पेटवा. रेशीम असेल तर जळक्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. गुळेदगुड्डच्या मागावर खण विणायला उभा रेशमी धागा ताणावा लागतो, कांड्या भराव्या लागतात. कांड्या भरायचं काम बहुतेक घरांत बायकाच करतात. मणी होणाऱ्या धाग्याचे पैसे त्यांच्याकडे जात नाहीत.

आणि कात्री लावायच्या आधी खण पूर्ण उलगडून मांडा. लहानखुऱ्या बाईच्या ब्लाउजमधून खण थोडा उरतोच, हे मघाशी सांगितलं. हल्लीचा ब्लाउजपीस 80 सेंटीमीटरचा असतो, त्यातूनही उरतो. आधी ठरवून कापलं तर काठासकट एक नीट चौकोन बाजूला निघतो. त्या ताईच्या खणातून निघाला. मुलीचं लग्न झालं आणि वर्षभराने त्याच चौकोनाची आम्ही तिच्या नातवासाठी कुंची शिवली. पाठीवर काठ, आत मऊ जुन्या धोतराचं अस्तर. बारशाला घातली होती. पुढच्या भागात कुंची कशी बेतायची ते सांगू, तोवर ट्रंका उघडून खण शोधून ठेवा.